दीडशे रुपयांची जंगली जोडी

रॅम नावाचा मासा बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. सिक्लिड घराण्यातला हा बुटका. सोनेरी अंग, त्यावर निळे ठिपके, डोळ्यावरून उभी गेलेली काळी रेघ आणि पाठीवर ताठ काळा तुरा. ऐंशी सालच्या आसपास नाशकात त्याची जोडी पंधरा रुपयांना मिळायची. कलकत्त्याकडच्या हौदांत हे मासे हजारांनी तयार व्हायचे आणि हवेने फुगवलेल्या पिशव्यांमधून रेल्वेने यायचे. तोच मासा दक्षिण अमेरिकेतल्या नदीत जाळं टाकून पकडलेला असेल, तर मुंबईत त्याच्या जोडीचे दीडशे सांगत. मासा तोच, तुरा तोच, ठिपके तेच. मग दहापट भाव कशाचा, असं मला त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी अर्धा तास बोलले असते. हल्ली मी बोलत नाही. ते ज्ञान मला सातशे रुपयांना पडलं, आणि विकणारा माझा सख्खा भाऊ होता.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. माशांचं वेड मला त्यानेच लावलं. गंगापूर धरणाचा कालवा आमच्या घरामागून जायचा. कालव्याचं पाणी बंद झालं की तळाशी डबकी उरायची आणि त्यांत बोटभर मासे अडकायचे. दादा वडिलांच्या जुन्या धोतराचं एक टोक माझ्या हातात द्यायचा, दुसरं स्वतः धरायचा. "हलू नकोस. तू हललीस की मासा हलतो," असं दटावायचा. पायाला जळू लागली तरी मी हलायची नाही. घरी उशीर झाला की मार ठरलेला. तो दादा खायचा. "मीच नेलं होतं हिला," एवढंच म्हणायचा, आणि ते खरं असायचं. दादा खोटं बोलत नाही हे मी त्या वयात पक्कं करून टाकलं, आणि पुढे वीस वर्षं ते तपासून पाहायची गरज मला वाटली नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि मी सातपूरला दोन खोल्यांच्या घरात आले. नवरा तिथल्याच एका कारखान्यात, शिफ्टवाला. दादा तोवर औषध कंपनीचा माणूस झाला होता. चामड्याची बॅग, टाय, डॉक्टरांच्या दारात तासन् तास बसणं आणि महिन्यातून दोनदा मुंबई. मी घर मांडलं म्हणून त्याने लोखंडी अँगलची, पुटीने काचा बसवलेली टाकी आणून दिली आणि तीत रॅमची जोडी सोडली. मेन रोडवरच्या दुकानातली, पंधरा रुपयांचीच. इतका देखणा मासा मी आधी पाहिला नव्हता.

तीन आठवड्यांत त्याचा रंग उडाला. हौदात माशांना रंग चढावा म्हणून औषध देतात, हे दादानेच सांगितलं. औषधांतलं त्याला कळायचं. त्या फिकट जोडीने तरीही दगडावर अंडी घातली, खसखशीएवढी दीडदोनशे. मी शाळेतून धावत घरी आले तर दगड स्वच्छ. दोघांनी मिळून खाल्ली होती. पुन्हा घातली, पुन्हा खाल्ली. असं अकरा वेळा झालं. नवरा म्हणायचा, "घरचीच अंडी खाऊन जगतात, तू वरून खायला कशाला घालतेस?"

मी वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. कारण साधं होतं. हौदवाले अंडी घातलेला दगड लगेच उचलतात आणि वेगळ्या भांड्यात औषध टाकून पिल्लं काढतात. आईबापांना पिल्लं कधी दिसतच नाहीत. पिढ्यान् पिढ्या असं चाललं की अंडी राखणारा मासा कोणता आणि खाणारा कोणता, याला काही अर्थच उरत नाही. नदीत तशी सोय नाही. तिथे जो आपली अंडी खातो, त्याचा वंश त्याच्याच पोटात संपतो. म्हणून नदीतून आणलेली जोडी अंड्यांवर पहारा देते आणि पिल्लं फुटली की चार आठवडे त्यांना घेऊन फिरते. विमानाचं भाडं, वाटेत मरणारे मासे हे सगळं भावात असतंच, पण शौकीन माणूस पैसे मोजतो ते त्या राखण्याचे.

हे सगळं मी दादाला मोठ्या हौसेने समजावलं.

"म्हणजे नुसतं बघून ओळखता येत नाही?" त्याने विचारलं.

"नाही. वागण्यावरून ओळखायचं. खातो तो हौदातला, राखतो तो जंगली."

ही अक्कल त्याला मीच दिली.

जंगली जोडी मला परवडणारी नव्हती. शिक्षिकेच्या पगारात दीडशे रुपये माशांवर घातले असते तर सासूबाईंनी मलाच टाकीत सोडलं असतं. मग मी हट्टाला पेटले. म्हटलं, या अंडीखाऊ माशांनाच राखायला लावते. पंधरा रुपयांच्या आणखी काही जोड्या आणल्या. तासाभरात अंडी खाणाऱ्या जोड्या बाजूला काढल्या. जी जोडी संध्याकाळपर्यंत थांबली तिची अंडी वाचवली, तिची पिल्लं वाढवली. त्या पिल्लांतली एक जोडी दोन दिवस थांबली, मग तिची पिल्लं धरली. पाचव्या पिढीत एका सकाळी पाहिलं तर मादी दगडाला चिकटून आणि नर अंड्यांवर परांनी वारा घालत उभा. तिसऱ्या दिवशीही उभा. नंतर पिल्लं फुटली, पोहू लागली, आणि तो इवलासा मासा त्यांना पुढे घालून सगळी टाकी फिरवून आणत होता. मी ढसाढसा रडले. त्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात "घरगुती" असं लिहिलं.

हे काम किती कष्टाचं होतं ते आता सांगायला बरं वाटतं, तेव्हा पाठ मोडायची. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवायचं, कारण अंडी घालायला या महाराजांना मऊ पाणी लागतं. नाल्याच्या गाळातून लाल किडे काढून आणायचे. पिल्लांसाठी केळीच्या साली कुजवायच्या, त्याचा वास शेजारणीपर्यंत जायचा. हिवाळ्यात निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की मी रात्रीतून दोनदा उठून टाक्यांत हात घालून बघायची. रॅमला बारा महिने उन्हाळ्याचं पाणी हवं. वीज गेली की हीटर बंद, मग घरातल्या सगळ्या गोधड्या टाक्यांना आणि आम्ही दोघं एका चादरीत. खायला घालण्याआधी मी चमचा चौकटीवर दोनदा वाजवायची. सगळे मासे पुढच्या डाव्या कोपऱ्यात गोळा व्हायचे, कारण उजवीकडे हीटर असायचा आणि मी नेहमी डावीकडेच टाकायची.

टाक्या वाढत वाढत नऊ झाल्या. मासे ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा दादा म्हणाला, "मुंबईला नेतो. एक दुकानदार ओळखीचा आहे." लशी ठेवायचे थर्माकोलचे डबे त्याच्याकडे होतेच. त्यात पिशव्या बसवून तो सकाळच्या गाडीने न्यायचा. "हौदातल्या मालाचा भाव मिळेल हं, फार आशा धरू नकोस," असं त्याने आधीच सांगितलं. परत आला की जोडीमागे वीस रुपये हातात ठेवायचा. बाजारभावापेक्षा पाच रुपये जास्त, म्हणून मी हरखून जायची. मासे घरचेच होते, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सहाव्या वर्षी पिल्लांच्या पाठी वाकड्या निघू लागल्या. आधी शंभरात दोन, मग दहा. काहींच्या कल्ल्यांची झाकणं आखूड, आतलं लाल मांस उघडं दिसायचं. मला कळायचं ते कळलं. सगळे मासे एकाच जोडीचे वंशज होते, रक्त आत आत फिरत होतं. बाहेरचं रक्त आणलं नाही तर दोन-तीन वर्षांत सगळं आटोपणार. कलकत्त्याचा मासा त्यात घालावा तर अंडी खायची खोड परत येणार आणि सहा वर्षं पाण्यात. खरी जंगली जोडी मिळाली तरच माझा हा वंश तगणार होता. मी दादाला कागदावर आकृती काढून हे दाखवलं. वर एक जोडी, खाली फांद्या, फांद्या पुन्हा एकमेकींत अडकलेल्या. त्याने कागद हातात घेतला, दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही प्रश्न बरोबर होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे तो म्हणाला की त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

दोन महिन्यांनी तो म्हणाला, "मिळतेय. पण पिल्लं काढून झालेली, पारखलेली जोडी आहे. सातशे."

मी शिकवण्या घेऊन फ्रिजसाठी पैसे साठवत होते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "घे. लोकांचा फ्रिज थंड असतो, आपला पोहेल." मी सातशे रुपये मोजून दादाला दिले.

जोडी आली तो रविवार मला अजून आठवतो. दादाने थर्माकोलचा डबा असा दोन्ही हातांनी धरून आणला की आत तान्हं मूल असावं. नर जरा रोड होता. टाकीत सोडताच मादी मागे ठेवलेल्या झाडाच्या मुळांआड जाऊन बसली. मी म्हणाले, "बघ, कसे बुजतात. हे नदीतलं बुजणं." दादा म्हणाला, "हो ना." त्यांच्यासाठी मी सगळ्यात मोठी टाकी आधीच रिकामी केली होती, तळाशी बदामाची वाळलेली पानं टाकली होती, बाजूच्या काचांना वर्तमानपत्र लावलं होतं. त्या टाकीवर मी चमचा कधीच वाजवला नाही. जंगलातले जीव, आवाजाने बिथरतील, म्हणून त्यांना नळीने हळूच खायला सोडायची. शाळेतल्या मुलींना घरी आणून दाखवलं. "यांच्या रंगाकडे बघा, हा रंग हौदात येत नाही," असं मी त्यांना सांगितलं. शेजारच्या टाकीवर चमचा वाजला की ही जोडीही मुळांमधून निघून पुढच्या डाव्या कोपऱ्यात येऊन थांबायची. ते मी पाहिलं होतं. जंगली मासे किती लवकर शिकतात, असं मी वर सगळ्यांना सांगत सुटले होते. विज्ञानाची शिक्षिका!

पुढे मी केलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या जोडीतला नर माझ्या मादीला लावला, मादी माझ्या नराला, आणि त्यांची पिल्लं वाढवायला जागा हवी म्हणून माझ्या जुन्या, सरळ पाठीच्या सगळ्या जोड्या एकेक करून दादाच्या हवाली केल्या. आता नवं रक्त आलं, जुनं कशाला राखू, असा माझा हिशेब. शेवटच्या जोड्यांत एक नर होता, त्याचा तुरा लहानपणी पिशवीच्या गाठीत अडकून तुटला होता. सगळ्या टाक्यांत त्याच्यासारखा राखणारा बाप नव्हता. तोही दिला. दादाने ते सगळे घेतले. जुने मासे देऊन टाकू नकोस, एवढं तरी तो म्हणू शकला असता. त्याने डब्याला चिकटपट्टी लावली आणि वहिनीने बोलावलंय म्हणून लवकर निघाला.

नव्या पिल्लांच्या पाठी वाकड्याच निघाल्या. शंभरात वीस, मग तीस. मी स्वतःला बोल लावला. पाणी बदललं, किडे उकळत्या पाण्यातून काढले, हीटर बदलला. सव्वा वर्ष मी माझीच चूक शोधत होते.

त्या डिसेंबरात नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न मुंबईला होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, चला, माशांची दुकानं पाहू. एका बाजारामागच्या गल्लीत दादाने सांगितलेल्या खुणेवरून दुकान सापडलं. दुकानदाराला मी कोण ते सांगितलं नाही, सांगायचं कारणही नव्हतं. वरच्या फळीवर कलकत्त्याचे रॅम होते, औषधाने लखलखणारे. चिठ्ठीवर लिहिलं होतं, जोडी अठरा रुपये. खालच्या टाकीवर दुसरी चिठ्ठी होती. जंगली, ॲमेझॉन, दीडशे. रॅम ॲमेझॉनचा नसतो, दुसऱ्या नदीचा असतो, हे मला माहीत होतं आणि मी मनात हसलेही. वाकून पाहिलं तर मासे मागच्या बाजूला, अंधारात. मला ते नीट बघायचे होते. माझ्या हातात पर्समधली किल्ली होती. सवयीने ती लोखंडी चौकटीवर दोनदा वाजली.

सगळे मासे पुढच्या डाव्या कोपऱ्यात आले आणि तोंडं वर करून उभे राहिले.

मला काही समजेना. म्हणजे समजलं होतं, पण मी ते आत येऊ देत नव्हते. नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माशांवर विनोद केला नाही. हळूच म्हणाला, "अगं, तो तुटक्या तुऱ्याचा. आपलाच आहे."

"ताई, हे असली जंगली," दुकानदार सांगत होता. "विमानाने येतात. घेऊन जा, पस्तावणार नाही."

"हे माझ्या घरचे मासे आहेत," मी म्हणाले. "नाशिकचे. मी वाढवलेत."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "ताई, घरचे असते तर अंडी खाल्ली असती. हे अंडी राखतात. अहो, पंधरा वर्षं धंद्यात आहे मी. राखतो तो जंगली, खातो तो फार्मचा."

माझंच वाक्य, शब्दाला शब्द, मला परत मिळालं. मी सहा वर्षं घालून माशांना जे शिकवलं, तोच ते माझे नसल्याचा पुरावा झाला होता. नवऱ्याने खिशातून दीडशे रुपये काढले. तुटक्या तुऱ्याचा नर आणि त्याच्यासोबत एक मादी, ज्यांचे मला दादाने वीस दिले होते, ते आम्ही दीडशेला विकत घेतले. मादी म्हातारी झाली होती, इगतपुरीच्या आधीच मेली. नर तेवढा घरी पोचला.

रविवारी मी एकटीच दादाकडे गेले. तो गॅलरीत बसून बुटांना पॉलिश करत होता.

"तुटक्या तुऱ्याचा नर परत आणलाय," मी म्हणाले. "दीडशेला."

त्याचा ब्रश थांबला नाही. "दुकान सापडलं म्हणायचं."

"दादा, मला दिलेली जोडी पण माझीच होती?"

"होती."

"किती दिवस विकतोयस असे?"

"पहिल्यापासून. नाशिकच्या एका बाईने घरात वाढवलेत असं सांगितलं असतं, तर मला कुणी दुकानात उभं केलं नसतं. राखतो तो जंगली, हे तूच म्हणाली होतीस. तुझे राखतात. मी वेगळं काय बोललो?"

"त्यांना सांगितलंस ते सांगितलंस. मला का दिलीस?"

त्याने बूट खाली ठेवला. "अगं, खरी जोडी आणू कुठून? मी दोन महिने विचारत होतो. त्या दुकानात ज्याला जंगली म्हणतात तो तुझाच माल. दुसरा कधी आलेलाच नाही. तू येता-जाता तेच विचारायचीस. म्हटलं, दिली आणून तर खूश होशील. झालीस की नाही खूश?"

"आणि सातशे रुपये?"

"फुकट दिली असती तर तुला ती खरी वाटली असती का?"

नसतीच वाटली. मी म्हणाले, "माझा वंश बुडाला दादा. मी तुला कागदावर काढून दाखवलं होतं. जुन्या जोड्या तुझ्या हातात देत होते तेव्हा तरी बोलायचंस."

"मला काय कळतंय त्या रक्ताबिक्ताचं? मासेच आहेत ना. अजून काढ." त्याने दुसरा बूट उचलला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. परक्याने फसवलं असतं तर मी दुकानासमोर उभी राहून चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. इथे वहिनी पोहे घेऊन बाहेर आली आणि मला ते खावे लागले. रिक्षात बसल्यावर मला हुंदका फुटला. पैशाचं दुःख होतंच, फ्रिजचंही होतं. पण खरा जीव जळत होता तो वेगळ्याच गोष्टीने. मी स्वतःच्या हाताने वाढवलेले मासे सव्वा वर्ष रोज पाहत होते, आणि दादाने ते नदीचे आहेत असं सांगितलं म्हणून मला ते ओळखू आले नाहीत. त्यांच्या रंगात मला परदेशातलं जंगल दिसत होतं. भावावरचा विश्वास गेला तो गेलाच, स्वतःच्या नजरेवरचाही उडाला. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात फळ्यावर साधी आकृती काढली तरी दोनदा पुस्तकात बघायची.

घरी होतं ते सगळं वाकड्या पाठीचं. ज्यांच्या पाठी सरळ होत्या त्यांची अंडी बुरशी लागून पांढरी पडायची. धड उरला होता तो एकटा तुटक्या तुऱ्याचा नर. दोन महिने मी विचार केला आणि शेवटी मेन रोडवरून कलकत्त्याची एक मादी आणली, अठरा रुपये जोडीतली अर्धी. दुसरा इलाजच नव्हता. निदान बापाचं वळण पिल्लांत उतरेल, अशी आशा होती. दोघांचं जमलं. मार्चमध्ये मादीने दगडावर अंडी घातली आणि वळून लगेच खायला लागली. नर तिच्यावर धावून गेला. तिला कोपऱ्यात रेटून तो परत दगडावर यायचा, वारा घालायचा, पुन्हा तिच्या मागे धावायचा. मी शाळेतून आले तेव्हा त्याचे पर फाटले होते आणि निम्मी अंडी उरली होती. दगड उचलून घ्यावा असं एकदा मनात आलं. पण मग माझ्यात आणि हौदवाल्यात फरक काय राहिला असता? तिला जाळीने बाहेर काढलं, तोवर दगडावर एकही अंडं उरलं नव्हतं.

नर मात्र तिथून हलला नाही. रिकाम्या दगडावर तोंड खाली करून तो परांनी वारा घालत राहिला. दुसऱ्या दिवशीही. खायला टाकलं तर वळूनही बघेना. दुकानदाराकडे हा दीडशेचा जंगली होता, आणि माझ्याकडे या वंशातला शेवटचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आला. आमचं बोलणं तुटलं नव्हतं. आमच्या घरांत ते तुटत नाही, नुसतं आटतं. आई तेव्हा माझ्याकडे राहायला होती, तिच्या औषधाच्या गोळ्या आणून दिल्यावर तो सवयीने टाकीपाशी गेला. वाकून बराच वेळ बघत राहिला. संध्याकाळच्या उजेडात दगड नीट दिसत नव्हता, मासा दिसत होता.

"वा!" तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "अंडी राखतोय की! म्हणजे वाचला ना तुझा वंश? मी उगाच मनाला लावून घेतलं होतं."

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याला एवढंच ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.